कुत्र्याचं स्वस्त खाद्य आणि पेंडीचं पोतं



आज पिकाचं नाही, राखणीच्या कुत्र्याचं बोलू. अंबरनाथच्या शिवमंदिरापासून बदलापूर, मुरबाडकडे जाणाऱ्या आपल्या पट्ट्यात ज्याच्याकडे पोल्ट्रीची शेड आहे, तबेला आहे किंवा नुसती वाडी आहे, त्याच्याकडे दोन तरी कुत्री असतातच. बिबट्या, मुंगूस, रानडुक्कर, भुरटा चोर, सगळ्यांची पहिली खबर तीच देतात. पूर्वी त्यांचं पोट घरच्या उरलेल्या भाताभाकरीवर भरायचं. आता घरात माणसं चार, उरणार काय? फार्महाऊसचा मालक रविवारी येतो, गड्याला रोज वेगळं शिजवायला वेळ नाही. मग मोबाईलवर दहा-वीस किलोची पिशवी मागवतात आणि कुरिअरवाला ती थेट बांधावर आणून टाकतो. मंदिराच्या आसपास भटक्या कुत्र्यांना रोज घालणारी मंडळीही आता बिस्किटाचे पुडे सोडून याच पिशव्यांवर आली आहेत.

आणि मग विचारणा होते, "दादा, नव्वद रुपये किलोने मिळतंय, चांगलं असेल का?"

माझं मत आधीच सांगून टाकतो. स्वस्त आहे म्हणून वाईट, असं मी म्हणणार नाही. कुत्र्याच्या कोरड्या खाद्यात मका, तांदळाची कणी, गहू, सोयापेंड, कोंबडीच्या अवशेषांचं पीठ आणि वरून चरबी किंवा तेल हाच माल असतो. त्याचे भाव आपल्याला पाठ आहेत. महागड्या पाकिटातला बराच पैसा जाहिरातीला आणि चकचकीत छपाईला जातो, हेही आपल्याला कळतं. पण ज्या पिशवीचा बनवणारा सापडत नाही आणि तारीख वाचता येत नाही, ती फुकट मिळाली तरी कुत्र्यापुढे ठेवू नये. दुसरं म्हणजे, पिशवीवरचा प्रथिनांचा आकडा शेतकऱ्याला सगळ्यात जास्त फसवतो, कारण तो आकडा आपल्याला ओळखीचा वाटतो.

परवा शेजारपाजारच्या तीन पिशव्या ओट्यावर मांडून बसलो. एक नावाजलेल्या कंपनीची. दुसरी कुठल्या तरी लहान कंपनीची, पण पत्ता, फोन, बॅच नंबर, सगळं छापलेलं. तिसरी पारदर्शक प्लॅस्टिकची, वर रंगीत कागद चिकटवलेला, त्यावर जर्मन शेफर्डचा फोटो आणि 'हाय प्रोटीन'. मागे उत्पादकाचं नाव नाही, फक्त विक्रेत्याचं टोपणनाव. तारखेच्या जागी एक स्टिकर, त्याखाली दुसरं स्टिकर. आपल्या शिवमंदिराच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे सन १०६०, हे साल आणि शिलाहार राजा मम्वाणीचं नाव कोरलेलं आहे. साडेनऊशे वर्षांमागे दगडावर नाव आणि साल टाकायची पद्धत होती, आणि आजच्या दहा किलोच्या पिशवीवर ती नाही. उल्हासनगरच्या शेजारी आयुष्य काढलेल्या माणसाला छापील लेबलावर किती विश्वास ठेवायचा हे शिकवावं लागत नाही, पण इथे लेबलच नव्हतं.

कायद्याचं थोडं सांगतो, कारण ते कामाचं आहे. पॅकबंद वस्तूंसाठी वैधमापनशास्त्राचे २०११ चे नियम आहेत. उत्पादक, पॅक करणारा किंवा आयात करणारा यांचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क पिशवीवर असलाच पाहिजे. १ जानेवारी २०१८ पासून यातली बहुतेक माहिती ऑनलाइन विकतानाही दाखवणं बंधनकारक आहे. म्हणजे मोबाईलवर पानं उलटवून ही माहिती सापडली नाही, तर तिथेच थांबायचं. 'रिव्ह्यू' किती चांगले आहेत याला अर्थ नाही. 'डिलिव्हरी लवकर झाली, पाच स्टार' असे शेरे कुत्र्याने लिहिलेले नसतात.

अजून एक. काही पिशव्यांवर एफएसएसएआयचा नंबर मिरवलेला असतो. तो कायदा २००६ चा, आणि माणसाच्या अन्नासाठीचा. जनावरांचं खाद्य त्याच्या व्याख्येतून स्पष्टपणे बाहेर ठेवलेलं आहे. तो नंबर खरा असला तरी आतल्या मालाबद्दल तो तुम्हाला काही सांगत नाही. कुत्र्यामांजरांच्या खाद्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस ११९६८ हे मानक आहे, पण ते पाळणं ऐच्छिक आहे. 'प्रीमियम', 'व्हेट अप्रूव्हड', 'ह्यूमन ग्रेड' या शब्दांमागे तर कुठलंच मोजमाप नाही.

आता प्रथिनांकडे येऊ. तिसऱ्या पिशवीवर 'क्रूड प्रोटीन २२ टक्के' लिहिलं होतं. आकडा वाईट नाही. अमेरिकेतली खाद्य अधिकाऱ्यांची संघटना, आफको, मोठ्या कुत्र्यासाठी कोरड्या घटकावर किमान १८ टक्के आणि वाढत्या पिलासाठी साडेबावीस टक्के प्रथिनं सांगते. पण जरा थांबा. तुमच्या गाईच्या गोळी पेंडीवर काय लिहिलंय ते बघा. आयएस २०५२ प्रमाणे दुभत्या जनावरांच्या संमिश्र खाद्यात पहिल्या प्रकारात २२ आणि दुसऱ्या प्रकारात २० टक्के प्रथिनं लागतात. म्हणजे नुसता आकडा धरला तर गाईची गोळी आणि कुत्र्याची गोळी यात फरकच उरत नाही! गाईची गोळी कुत्र्याला घालून बघा, तो शेपूट घालून निघून जाईल, आणि खाल्ली तरी अंगी लागणार नाही.

असं का, हे इथल्या कृषी पदवीधरांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. प्रयोगशाळेत प्रथिनं थेट मोजत नाहीत. नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. नत्र कुठून आलं हे त्या रीतीला कळत नाही. आपला युरिया घ्या. ४६ टक्के नत्र, गुणिले ६.२५, म्हणजे कागदावर २८७ टक्के 'प्रथिनं'. शंभर किलो खाद्यात एक किलो युरिया मिसळला की आकडा जवळजवळ तीन टक्क्यांनी वर जातो, आणि पोटात प्रथिनाचा कणही जात नाही. गाईच्या कोठीपोटातले जिवाणू त्या युरियाचं थोडंफार सोनं करतात. कुत्र्याला ते पोट नाही.

हे मी पुस्तकी भीती म्हणून सांगत नाही. मार्च २००७ मध्ये अमेरिका आणि कॅनडात कुत्र्यामांजरांची मूत्रपिंडं निकामी व्हायला लागली. शोध घेतल्यावर चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन सापडलं, प्लॅस्टिकच्या धंद्यातलं रसायन. त्यात नत्र ६६ टक्के, त्यामुळे प्रथिनांचा आकडा मस्त फुगतो. त्यातून धडा घेतला गेला नाही आणि पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, तेच मेलामाइन चीनमध्ये तान्ह्या मुलांच्या दूध पावडरीत निघालं. जवळजवळ तीन लाख मुलं आजारी पडली, सहा दगावली. कुत्र्याच्या खाद्याकडे कोणी गंभीरपणे बघत नाही, तिथे भेसळ करणाऱ्याचा हात बसतो आणि मग तोच हात माणसाच्या ताटाकडे वळतो.

आपल्याकडच्या पिशवीत मेलामाइन असतं असं मी म्हणत नाहीये. साधी गोष्ट सांगतो. कोंबडीच्या पिसांतही प्रथिनं भरपूर, सुकवून तपासली तर ऐंशी टक्क्यांच्या वर. पण दाबाखाली नीट शिजवून दळल्याशिवाय ती पचत नाहीत, जशी आत गेली तशी बाहेर येतात. पोल्ट्रीवाल्यांना हे सांगायला नको. तेव्हा २२ टक्के वाचलं की पुढचा प्रश्न, कशातून? घटकांच्या यादीत 'चिकन मील', 'फिश मील', 'सोयाबीन मील', 'अंडी' अशी नेमकी नावं असतील तर बरं. नुसतं 'मीट अँड मीट बाय-प्रॉडक्ट्स' किंवा 'सीरियल्स अँड सीरियल बाय-प्रॉडक्ट्स' लिहिलं असेल, तर बनवणाऱ्याने दर महिन्याला जो माल स्वस्त तो घालायची मोकळीक ठेवली आहे. मोठ्या कंपन्याही असं लिहितात, म्हणून तेवढ्यावरून मी पिशवी फेकणार नाही, पण एक गुण कापेन.

बाय-प्रॉडक्ट या शब्दाला मात्र नाक मुरडू नका. कोंबडीचं काळीज, पित्ताशय काढलेलं यकृत, मान, पाय, गिझार्ड, हे सगळं बाय-प्रॉडक्टच, आणि कुत्र्यासाठी ते उत्तम अन्न आहे. आपल्याकडचा एक मोठा श्वानखाद्य ब्रँड, ड्रूल्स, छत्तीसगडमधल्या राजनांदगावच्या पोल्ट्रीवाल्या समूहातूनच उभा राहिला. कत्तलखान्यातून उरणारा माल चांगल्या कारखान्यात गेला तर त्यात आपला, म्हणजे पोल्ट्रीवाल्याचा, फायदाच आहे.

यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पण त्यातही एक गंमत आहे. 'ताजं चिकन' पहिल्या नंबरवर दिसतं, कारण त्यात सत्तर टक्के पाणी असतं. सुकल्यावर ते चौथ्या-पाचव्या नंबरवर घसरतं. दुसरी युक्ती म्हणजे धान्य फोडून लिहायचं. मका वेगळा, मक्याचं ग्लुटेन वेगळं, कणी वेगळी, कोंडा वेगळा. एकेक आकडा लहान दिसतो, बेरीज केली तर पिशवी बहुतेक धान्याचीच.

ओल्या पाकिटांचं गणित तर आपल्याला मुरघासाने शिकवलेलंच आहे. ग्रेव्हीच्या पाऊचवर ७ टक्के प्रथिनं लिहिलेली बघून लोक म्हणतात, "हे तर काहीच नाही." पण त्यात ८० टक्के पाणी आहे. उरलेल्या २० भागांत ७, म्हणजे कोरड्या घटकावर ३५ टक्के. मुरघास आणि कडबा यांची तुलना आपण ओल्या वजनावर करतो का? नाही ना. पण हेही खरं की ऐंशी टक्के पाण्याचे पैसे देऊन राखणीच्या कुत्र्याचं पोट भरणं परवडत नाही. ते शहरातल्या लाडावलेल्यांसाठी.

फॅट आणि ॲश हे दोन आकडे लोक वाचतच नाहीत. फॅट हा खाद्यातला सगळ्यात महाग आणि सगळ्यात लवकर बिघडणारा भाग. स्वस्तात कपात होते ती बहुधा इथेच. आफकोचा किमान आकडा साडेपाच टक्के आहे, पण रात्रभर भुंकत फिरणाऱ्या कुत्र्याला मी दहाच्या खाली फॅटचं खाद्य घालणार नाही. ॲश म्हणजे जाळल्यावर उरणारी राख. ती बारा-तेरा टक्क्यांवर गेली तर एकतर हाडाचा चुरा जास्त आहे किंवा माती-वाळू आणि भाताच्या तुसाची सिलिका आली आहे. पेंड घेताना 'वाळू किती' हे आपण दाताखाली चावून बघतो. इथे चावायची गरज नाही, कंपनीला ॲशचा आकडा विचारायचा. सांगत नसेल तर तेही एक उत्तरच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे आकड्यात दिसत नाही. बुरशी.

१९७४ च्या शेवटी राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल या शेजारशेजारच्या जिल्ह्यांत आदिवासी गावांवर मोठं संकट आलं होतं. काढणीच्या सुमारास अवेळी पाऊस झाला, भिजलेला मका तसाच साठवला गेला, त्यावर बुरशी आली. लोकांकडे दुसरं धान्य नव्हतं, तेच खाल्लं. कावीळ झाली, पोटात पाणी भरलं, शंभरावर माणसं गेली. पाहणी करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: त्याच घरांतलं अन्न खाणारी पाळीव कुत्रीही तशाच लक्षणांनी मेली. कारण ॲफ्लाटॉक्सिन, ॲस्परजिलस बुरशीचं विष. यकृत खातं. कुत्रा या विषाला फार नाजूक असतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत एका कारखान्याच्या खाद्याने शंभरावर कुत्री मेली, तिथेही मूळ हेच निघालं.

अमेरिकेत पाळीव प्राण्यांच्या खाद्यासाठी मर्यादा आहे किलोला २० मायक्रोग्रॅम. म्हणजे एक टन मक्यात २० मिलिग्रॅम, चिमटीतही येणार नाही इतकं. हे विष शिजवून, भाजून, यंत्रातून काढून पूर्ण जात नाही. आणि दळून गोळी केल्यावर बुरशी डोळ्यांना दिसत नाही, वासही मसाल्यात लपतो. भिजलेला, काळवंडलेला मका मंडीत कवडीमोल भावाने उचलला जातो हे आपण दर वर्षी बघतो. तो कुठे जातो? सगळाच स्टार्चच्या कारखान्यात जातो असं समजण्याइतके आपण भोळे नाही. म्हणूनच मी बनवणाऱ्याच्या नाव-पत्त्यावर एवढा अडून बसतो. मका विकत घेताना ॲफ्लाटॉक्सिनची तपासणी करायला खर्च येतो, आणि तो खर्च ज्याला उद्या आपलं नाव सांभाळायचंय तोच करतो.

मोबाईलवर फिरणाऱ्या 'घरगुती चाचण्यां'बद्दलही बोलतो. गोळी पाण्यात टाकली, ती फुगली, म्हणजे आत मैदा आहे आणि कुत्र्याच्या पोटात फुगेल, असं एक जण छातीठोक सांगतो. अहो, माशांचं तरंगणारं खाद्य कसं बनतं? एक्स्ट्रूडरमध्ये, वाफ आणि दाबाने स्टार्च फुलवून. कुत्र्याची गोळीही त्याच जातीच्या यंत्रातून निघते. ती फुगणारच, आणि स्टार्च नीट शिजल्याची ती खूण आहे. काडी लावून गोळी पेटवणं, लोहचुंबक फिरवणं, हेही तसलेच खेळ. चाचणी करायचीच तर नाकाने करा. मूठभर गोळ्या कोमट पाण्यात दहा मिनिटं झाकून ठेवा, मग झाकण काढून वास घ्या. जुन्या शेंगदाण्याचा खवट वास आला तर फॅट बिघडलंय. ओल्या गोणपाटाचा कुबट वास आला तर पिशवी परत करा. पाणी लाल-हिरवं झालं तर रंग घातलाय. कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक धड कळत नाही, तो रंग तुमच्यासाठी आहे. पिशवीच्या तळाशी चुरा किती हेही बघा. ओंजळभर ठीक, किलो-दीड किलो निघाला तर माल फार हाताळलेला किंवा सुट्यातून पुन्हा भरलेला.

खरी प्रयोगशाळा मात्र सकाळी गोठ्यामागे असते. गाईचं शेण बघून आपण खाद्य पचलं का ते सांगतो, तोच डोळा कुत्र्याच्या विष्ठेवर लावायला लाज कसली? खाद्य चांगलं असेल तर विष्ठा कमी, बांधलेली, एकसारखी. भराभर ढीग पडत असेल, पिवळट सैल असेल, तर तुम्ही भुसा विकत घेतलाय. मात्र खाद्य एकदम बदललं तरी पोट बिघडतं, म्हणून आठवडाभर जुन्यात नवं वाढवत नेल्याशिवाय निकाल लावू नका. महिन्याभराने वजन करा. पोत्याच्या काट्यावर कुत्रा उचलून घेऊन उभं राहायचं, आपलं वजन वजा करायचं. बरगड्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत. केस राठ झाले, अंगाला खाज सुटली, तर जंत आणि गोचीड आधी बघा, मग खाद्यावर जा.

किमतीचं गणित समजा असं मांडू. एक पिशवी ९० रुपये किलो: प्रथिनं २०, फॅट ८, तंतू ५, ओल १०, राख १०. दुसरी १५० रुपये किलो: प्रथिनं २४, फॅट १२, तंतू ३, ओल १०, राख ८. शंभरातून या सगळ्यांची बेरीज वजा केली की पिष्ट पदार्थ राहतात, पहिलीत ४७, दुसरीत ४३. प्रथिनं आणि पिष्टाला ग्रॅममागे साडेतीन, फॅटला साडेआठ कॅलरी धरायच्या, ही ॲटवॉटरची सुधारलेली रीत. पहिलीच्या किलोत साधारण ३०२५ कॅलरी, दुसरीच्या ३३६५. वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला १०५०-११०० कॅलरी लागतात. म्हणजे पहिली ३५० ग्रॅम, खर्च साडेएकतीस रुपये. दुसरी ३१५ ग्रॅम, खर्च सत्तेचाळीस. कागदावर स्वस्त पिशवी अजूनही स्वस्तच आहे, आणि ती नीट पचत असेल तर खुशाल घ्या. पण वजन टिकवायला ३५० च्या जागी ५०० ग्रॅम घालावं लागलं, तर खर्च पंचेचाळीस झाला आणि फरक संपला. तेव्हा किलोचा भाव विचारू नका. वजन न घटता दिवसाला किती ग्रॅम लागतं, ते मोजा.

याच पैशात घरचं काय होतं तेही बघा. पाव किलो ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या, दोन उकडलेली अंडी, तीस ग्रॅम भिजवून शिजवलेले सोया चंक्स. कॅलरी हजार-अकराशे, प्रथिनं पन्नास ग्रॅमच्या आसपास, वीस किलोच्या कुत्र्याला पुरेशी. आजच्या भावाने खर्च तीसेक रुपये. उणीव कॅल्शियमची. अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, बारीक दळून रोज अर्धा-पाऊण चमचा घातली की ती भरते. जस्त आणि काही जीवनसत्त्वं तरीही कमी पडतात, म्हणून मी घरच्या खाण्याला परिपूर्ण म्हणणार नाही. एक वेळ भाकरी, एक वेळ ठीकठाक पिशवी, हे मला सगळ्यात पटणारं गणित. कांदा-लसणाची फोडणी नको, ती कुत्र्याला विषारी आहे. आणि नाशिक-सांगलीकडच्या मित्रांनो, द्राक्षं-बेदाणे तर मुळीच नकोत, मूत्रपिंड जातं.

पोल्ट्रीवाल्यांसाठी एक ठळक सूचना. शेडमधलं खाद्य कुत्र्याला घालू नका. लेयरच्या खाद्यात अंड्याच्या कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, वाढत्या पिलाची हाडं त्याने वाकडी होतील. काही ब्रॉयलर खाद्यात कॉक्सिडिओसिसवरची औषधं मिसळलेली असतात, त्यातली काही कुत्र्याला घातक आहेत. मेलेली कोंबडी घालणं तर दोन्हीकडून नुकसान, आजार पसरतो आणि कुत्र्याला कोंबडीची चटक लागते.

वीस किलोची मोठी पिशवी स्वस्त पडते म्हणून एकट्या कुत्र्यासाठी घेणाऱ्यांनी हिशोब करावा. दिवसाला ३५० ग्रॅमने ती जवळजवळ दोन महिने चालते. आपल्याकडे आषाढ-श्रावणात पत्र्याच्या शेडमध्ये उघडी पिशवी दोन महिने राहिली तर चांगल्या कंपनीचा मालही बुरशी धरेल, मग दोष कोणाला देणार? पावसाळ्यात महिन्याभरात संपेल एवढंच घ्या, किंवा दोघा-तिघांनी मिळून मोठी पिशवी घ्या. खाद्य ड्रममध्ये ओतू नका, पिशवीसकट झाकणाच्या ड्रममध्ये ठेवा, म्हणजे बॅच नंबर हाताशी राहतो. उघड्या पिशवीवर उंदीर येतात, उंदरांच्या मुतातून लेप्टो येतो, तो कुत्र्यालाही होतो आणि तुमच्या गड्यालाही. उंदरामागून साप येतो तो वेगळाच.

पार्सल उघडताना मोबाईलवर चित्रण करा, शिवण आणि तारीख दिसेल असं. पहिल्या दिवशी एक किलो कोरड्या डब्यात बाजूला काढून तारीख टाकून ठेवा. कुत्रं खाणं सोडतंय, उलट्या करतंय, हिरड्या किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतोय, लघवी गडद होतेय, यातलं काहीही दिसलं तर खाद्य त्याच क्षणी बंद आणि डॉक्टर. 'बघू दोन दिवस' इथे चालत नाही, यकृत गेलं की परत येत नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि तेव्हा ते चित्रण आणि तो डबा कामाला येतो.

आता माझी खरी तक्रार. बियाण्यासाठी १९६६ चा कायदा आहे, कीटकनाशकांसाठी १९६८ चा, खतासाठी १९८५ चा नियंत्रण आदेश. डीएपीच्या पोत्यात गडबड वाटली तर निरीक्षक नमुना घेतो, प्रयोगशाळेत पाठवतो, दुकानदाराचा परवाना जाऊ शकतो. ही यंत्रणा किती ढिली चालते ते आपण भोगतो, पण निदान आहे. कुत्र्याच्या खाद्यावर जीएसटी आला तेव्हा १८ टक्के लावला, गुरांच्या पेंडीवर शून्य. म्हणजे कर घेताना ही चैनीची वस्तू, आणि दर्जा बघायची वेळ आली की मानक ऐच्छिक. माझं म्हणणं एवढंच आहे की उत्पादकाचं नाव, ओल, राख आणि ॲफ्लाटॉक्सिन या चार गोष्टी तरी सक्तीच्या करा. प्रथिनं २० आहेत का २४, ते बाजार बघून घेईल.

तोपर्यंत आपण एक करू शकतो. नॅबल मान्यतेच्या खाजगी प्रयोगशाळा खाद्याचा नमुना पैसे घेऊन तपासतात. एकट्याला महाग पडतं, पण एकाच बॅचची पिशवी वापरणारे आठ-दहा जण असतील तर वर्गणी काढून ओल, प्रथिनं, फॅट, आम्लात न विरघळणारी राख आणि ॲफ्लाटॉक्सिन बी-१ एवढंच तपासून घ्या. इथले जे कृषी आणि पशुवैद्यक मित्र आहेत त्यांनी अहवाल समजावून द्यायला मदत करावी. आधीच कोणी तपासणी करून घेतली असेल तर अहवालाचा फोटो खाली टाका, पिशवीच्या मागच्या बाजूच्या फोटोसकट. पुढची बाजू नको, तिथे फक्त जर्मन शेफर्ड असतो.